गोव्यात मिडसाइझ एसयूव्ही घ्यायचीय? आधी टेप शोधा

आमच्या नव्या गाडीला पहिला ओरखडा पडला तो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नाही, चोर्ला घाटात पण नाही, घरच्या गेटाच्या चिऱ्याच्या खांबाला पडला, तो पण तिसऱ्याच दिवशी, तो पण आई-बाबा आणि शेजारचे काका कौतुकाने बघत उभे असताना. त्याच गेटातून तेरा वर्षं वॅगनआर मी जवळपास डोळे मिटून आत घेत होतो. दुसऱ्या दिवशी आमचा मेस्त, म्हणजे मिस्त्री, आला, दरवाजावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "गाडी व्हड घेतली पात्राव, पूण गेट तेंच न्हय?" म्हणजे गाडी मोठी घेतली मालक, पण गेट तेच ना?

गाडी कुठली ते सांगत नाही, मुद्दा तो नाही. मी बोलतोय त्या क्रेटा, ग्रँड विटारा, हायरायडर, एलेव्हेट, कुशाक, तायगुन, अ‍ॅस्टर या साइझच्या सगळ्याच गाड्यांबद्दल. मी डिचोलीचा, नोकरी पणजीला, बहीण मोरजीला समुद्राजवळ आणि बायकोचं माहेर बेळगाव, त्यामुळे लाल चिखल, खारं वारं, घाट आणि फेरीबोट हे सगळं एकाच गाडीला दर महिन्याला बघावं लागतं. चार पावसाळे काढल्यावर जे कळलं ते क्रमाने लिहितोय.

पहिलं काम घरी, शोरूममध्ये नाही

टेप घ्या आणि गेट मोजा. ब्रोशरमधली रुंदी ही आरसे सोडून असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. क्रेटा आणि एलेव्हेट १७९० मिमी, ग्रँड विटारा-हायरायडर १७९५, कुशाक-तायगुन जरा सडपातळ म्हणजे १७६०. आरसे उघडे धरले की हे सगळं दोन मीटरच्या आसपास जातं. आजची वॅगनआर १६२० मिमी आहे आणि लांबी ३६५५, माझी जुनी तर त्याहूनही लहान होती, आणि आताच्या गाडीची लांबी ४३०० च्या वर. पण खरा घोळ रुंदीपेक्षा वळण्यात आहे, कारण आपल्याकडे गेट रस्त्याच्या समोर नसतं, रस्त्याच्या कडेला काटकोनात असतं आणि समोर दुसऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. टर्निंग रेडियस, म्हणजे गाडी पूर्ण वळते त्या वर्तुळाची त्रिज्या, आजच्या वॅगनआरची ४.७ मीटर, हायरायडरची ५.४, एलेव्हेटची ५.२. कागदावर अर्धा मीटर म्हणजे काहीच वाटत नाही, पण गडगा सरकत नाही ना.

अंगणात खडूने किंवा दोरीने साडेचार मीटर बाय एक मीटर ऐंशीचा चौकोन आखा. दोन्ही बाजूला दरवाजा उघडून माणूस बाहेर येईल एवढी, म्हणजे साधारण साठ सेंटीमीटर जागा राहते का बघा. एका बाजूला तुळशीवृंदावन आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी असेल तर ज्येष्ठ मंडळींना रोज गेटाबाहेरच उतरवावं लागेल, पावसात पण.

जागा कमी पडते म्हणून चार मीटरच्या आतली छोटी एसयूव्ही घेऊ असं पुष्कळांना वाटतं. लांबीत फायदा होतो, ३९९५ मिमीपर्यंत येते, पण रुंदीत काही वाचत नाही, ब्रेझा १७९० आहे आणि नेक्सॉन तर १८०४. म्हणजे अडचण वळणाची असेल तर छोटी घ्या, अडचण अरुंद गल्लीची असेल तर दोन्ही सारख्याच अडकणार.

ही जीप नव्हे

दिसायला रांगडी असली तरी ही बॉडी आणि चॅसी एकच असलेली गाडी आहे, म्हणजे मोनोकॉक, हॅचबॅकसारखीच, फक्त उंच. बहुतेक सगळ्या पुढच्या दोन चाकांवर चालतात. ऑल-व्हील ड्राइव्ह या साइझमध्ये मोजक्याच व्हेरियंटना मिळतं आणि माझं स्पष्ट मत, गोव्यात त्याची गरज नाही. सत्तरीत कुळागरापर्यंत, म्हणजे माड-पोफळीच्या बागेपर्यंत, जाणारी कच्ची वाट असेल तरी चांगले टायर आणि हळू हात पुरतो, आणि जिथे तो पुरत नाही तिथे गाडी रस्त्यावर ठेवून चालत जावं.

उंचीचा फायदा मात्र आहे, आणि तो रस्त्यापेक्षा गुडघ्यांना जास्त आहे. आमची आई वॅगनआरमध्ये बसताना हात धरायची नाही, इथे पण धरत नाही, पण मावशीच्या सेडानमधून तिला दोघांनी ओढून काढावं लागतं. सीट आपल्या कंबरेच्या उंचीला असली की माणूस सरळ बसतो. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला न्या आणि चार वेळा चढ-उतार करायला लावा. काही मॉडेलमध्ये दरवाजाखालची पट्टी इतकी रुंद असते की उतरताना साडी-लुंगीला सगळा चिखल लागतो, ते शोरूमच्या टाइल्सवर कळत नाही.

ग्राउंड क्लिअरन्सचं, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या उंचीचं, पण तसंच. १९० आणि २२० मिमी हे आकडे ऐकायला बरे वाटतात, पण पाच माणसं आणि सामान भरल्यावर गाडी खाली बसते. गावातले स्पीडब्रेकर कोणी मापाने बांधत नाही, तेव्हा टेस्ट ड्राइव्हला पाचही जण बसवूनच आपल्या वाड्यावरचा सगळ्यात वाईट ब्रेकर ओलांडून बघा. सेल्समन नको म्हणतो, आपण हो म्हणायचं.

इंजिन आणि गिअर

रोजचं धावणं किती आणि कसलं यावर हे ठरतं. डिचोली-साखळी-डिचोली एवढंच असेल तर डिझेलच्या नादी लागू नका. बीएस ६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या, डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी बराच वेळ एकसारख्या बऱ्या स्पीडने पळावी लागते. रोज पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की तो तुंबतो, दिवा पेटतो आणि मग रविवारी हायवेवर उगीच फेरी मारून यावी लागते. महिन्यातून दोन-तीनदा बेळगाव, कोल्हापूर किंवा पुणे असेल तर डिझेलसारखं सुख नाही, भरलेल्या गाडीत घाट चढताना फरक कळतो.

साधं दीड लिटर पेट्रोल गावात उत्तम, चोर्ल्यात पाच जणांना घेऊन चढताना गिअर उतरवत बसायची तयारी ठेवा. टर्बो पेट्रोल चढाला मस्त पण पाय जड असेल तर पंपवाला ओळखायला लागतो. हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोलबरोबर बॅटरीची मोटर असलेल्या गाडीचं, अ‍ॅव्हरेज खरंच जबरदस्त, ग्रँड विटारा-हायरायडरला कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटरचा आहे, प्रत्यक्षात त्याच्या खालीच मिळतं तरी पणजीच्या ट्रॅफिकमध्ये बाकी कोणी जवळपास येत नाही. पण बॅटरी मागे बसते आणि डिकी लहान होते. आपल्याकडे डिकी लहान म्हणजे काय ते चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कळतं, त्यावर शेवटी लिहितो.

ऑटोमॅटिकमध्ये एकच सांगतो, ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक, घेणार असाल तर चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरायची सवय सोडा, क्लच तापतो. ब्रेक दाबा, पुढची गाडी दोन मीटर जाऊ दे, मग सोडा. टॉर्क कन्व्हर्टरवाल्याला, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर देणाऱ्या ऑटोमॅटिकला, हे लाड कमी लागतात.

बुकिंग ते किल्ली

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. दीड लिटरपर्यंतच्या या साइझच्या गाड्यांवर आधी २८ टक्के आणि वर १७ टक्के सेस मिळून ४५ होत होते, आता सरळ ४०. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनवाल्यांना १८, म्हणजे दोघांतलं अंतर आता बरंच वाढलंय, हे बजेट करताना लक्षात घ्या. ऑन-रोडच्या कागदात रोड टॅक्स, इन्शुरन्स, फास्टॅग एवढं समजू शकतो, पण त्यात हँडलिंग चार्जेस, पेंट कोटिंग, 'बेसिक किट' असं काही गुपचूप बसवलेलं असेल तर बोट ठेवून विचारा, निम्म्या गोष्टी विचारल्याबरोबर गळून पडतात.

गाडी रजिस्टर व्हायच्या आधी जाऊन बघून या, नंतर नाही. जीए ०४ चा नंबर लागला की गाडी तुमची झाली, मग दोष पण तुमचे. उन्हात बाहेर काढायला लावा, चेसिस नंबरवरून कुठल्या महिन्यात बनलीय ते विचारा, टायरच्या बाजूला चार आकडे असतात त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, पाचही टायरचे बघा. स्टेपनी बघताना खालचा जॅक-पाना आहे का तेही बघा. माझ्या वेळी जॅक होता, पाना नव्हता, आणि हे मला सहा महिन्यांनी पेडण्याच्या पुढे रात्री साडेनऊला कळलं.

इन्शुरन्समध्ये झिरो डेप (क्लेममध्ये पार्टच्या जुनेपणाचे पैसे कापत नाहीत ते) आणि इंजिन प्रोटेक्शन हे दोन्ही गोव्यात घ्याच. माडाखाली गाडी लावणाऱ्याला साधी थर्ड पार्टी चालत नाही, कारण नारळाला काही ती समजत नाही, छतावर पडला तर स्वतःच्या नुकसानीचं कव्हर लागतं. बारीकसारीक ओरखड्याला मात्र क्लेम टाकू नका, नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून चढत पाचव्या वर्षी ५० पर्यंत जातो आणि एका क्लेमला शून्यावर येतो. माझा तो गेटाचा ओरखडा अजून तसाच आहे.

चालवताना: गल्ली, घाट, फेरी

पहिले पंधरा दिवस कुणाला घेऊ नका, एकटे फिरा. उंच बसल्यामुळे लांबचं सगळं दिसतं आणि जवळचं काहीच दिसत नाही, हीच या गाड्यांची गंमत आहे. बॉनेटच्या पुढे बसलेलं कुत्रं, डाव्या चाकाजवळचं गटार, मागे खेळणारं पोर दिसत नाही. पुढच्या काचेच्या बाजूचे खांब पण जाड, सर्कलवर अख्खी स्कूटर त्यांच्या मागे लपते, आणि सीझनमध्ये त्या स्कूटरवर पहिल्यांदाच गोव्यात आलेली जोडी असते. मान पुढे-मागे करून खांबाच्या पलीकडे बघायची सवय लावा. कॅमेरा चांगला, पण पावसात त्याच्यावर लाल चिखल बसतो, फडकं दारातच ठेवा.

गावच्या अरुंद रस्त्यावर समोरून बस आली तर तिच्याशी हिंमत लढवायची नाही. रुंद जागा कोणाच्या मागे जवळ आहे ते बघायचं, आपल्या मागे असेल तर सरळ रिव्हर्स घ्यायचा आणि डावा आरसा दुमडायचा. लेन असिस्टसारखी फीचर्स गावात बंद ठेवा, पट्टेच नसलेल्या रस्त्यावर स्टिअरिंग मध्येच हात ओढतं तेव्हा दचकायला होतं. गुरं रस्त्यावर बसलेली असतात हे वेगळं सांगायला नको, पावसाळी रात्री डांबर कोरडं आणि कोमट म्हणून ती तिथेच बसणार, काळी म्हैस हेडलाइटमध्ये पण उशिराच दिसते.

चोर्ला घाटात चढणाऱ्या गाडीला पहिला हक्क, हा नियमच आहे, उतरणाऱ्याने थांबायचं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोडला टाकून दुसरा-तिसरा धरायचा, हायब्रिडला बी मोड असतो तो याच कामाचा. ब्रेकवर पाय ठेवून घाटाखालच्या केरीपर्यंत आलात तर चाकाजवळून जळका वास येतो, मग थांबा, पण पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होऊ शकते. जुलैच्या धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, लो बीम आणि फॉग लाइट एवढंच. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर पावसात लावून पळणाऱ्यांना काय म्हणावं, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय तेच कळत नाही. ते बंद पडलेल्या गाडीसाठी असतात.

फेरीबोटीला या गाड्या घाबरण्यासारख्या नाहीत. मी मये-चोडण करून रायबंदरला उतरतो तेव्हा पुढचे नियम पाळतो. ओहोटीला रॅम्प जास्त तिरका होतो, तिरके चढलात तर एक चाक हलकं होतं आणि ओल्या लोखंडावर भिरभिरतं, तेव्हा सरळ, संथ आणि न थांबता चढायचं. हात दाखवणारा माणूस सांगेल तेवढंच पुढे, सेन्सर कितीही ओरडला तरी, कारण तो रेलिंग बघून ओरडतो. आत गेल्यावर हँडब्रेक, मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पी, आणि इंजिन बंद. ऑटो होल्डवर, म्हणजे आपोआप लागणाऱ्या ब्रेकवर, भरवसा ठेवून उतरू नका. आरसे दुमडा, नाहीतर बाजूचा स्कूटरवाला दुमडेल.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे. तरी दर सीझनला कोणीतरी वाळूत रुतवतोच, भरती येते, लोक मोबाइल काढतात, पोलीस येतात. पुढच्या चाकांवर चालणारी चौदाशे किलोची गाडी मऊ वाळूत स्वतःला खोल खोदत जाते, उंची तिथे काही कामाची नाही.

पाऊस

खरी परीक्षा इथे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो पण चार महिन्यांत. मे संपायच्या आत चार गोष्टी करून घ्या: वायपरचे रबर, टायर, ब्रेक आणि पाणी जाण्याच्या वाटा. टायरची नक्षी कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालते पण मी तीनच्या खाली गेली की बदलतो, राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या पुलांवर पाणी साचलेलं असतं आणि टायर पाण्यावर तरंगला की स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तसं झालं तर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडायचा. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या स्टिकरवर असतो, पंपवाला सगळ्यांना एकच हवा मारतो.

पाण्याच्या वाटा म्हणजे काय, तर पुढच्या काचेखाली जाळी असते तिथे आंब्या-काजूची पानं कुजून बसतात आणि पाणी केबिनच्या दिशेने जातं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात, त्या तुंबल्या की एक दिवस ब्रेक मारल्यावर छताच्या दिव्यातून डोक्यावर पाणी पडतं. मला अनुभव आहे, ऑफिसला जाताना. दरवाजांच्या खालच्या कडेला पण भोकं असतात, तिथे लाल माती घट्ट बसते. खराट्याची एक काडी घेऊन महिन्यातून एकदा साफ करा, पाच मिनिटांचं काम.

व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी रस्त्यावर आलं तर माप असं. २१५/६० आर १७ टायरचा व्यास ६९ सेंटीमीटर भरतो, म्हणजे चाकाच्या मध्यापर्यंत साधारण ३४. त्याच्या वर जायचंच नाही, आणि पाणी वाहतं असेल तर त्याच्या खूप आधी थांबायचं, कारण वाहतं पाणी गाडीला बाजूला ढकलतं. साचलेलं असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारखं, मध्ये गिअर न बदलता. समोरून ट्रक येत असेल तर त्याला आधी जाऊ द्या, त्याची लाट तुमच्या एअर फिल्टरपर्यंत येते. आणि मध्ये बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इन्शुरन्सवाला पण विचारतो की स्टार्ट का मारली. ढकलून बाहेर काढा, टो करा.

ओलाव्याचं दुखणं वेगळंच. आठ दिवस गाडी बंद ठेवली की सीटबेल्टवर, स्टिअरिंगवर हिरवट पांढरी बुरशी. घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, आतला ओलावा सुकतो, वास येत नाही. मॅटच्या खालचं कार्पेट हाताने दाबून बघा, वरून कोरडं वाटतं. बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, चिकटतो, गिअरमध्ये किंवा पी वर ठेवून चाकाला चिऱ्याचा तुकडा लावा. सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नका, दोन ब्रेकमध्ये जातो. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी मात्र आठवड्याला गोड्या पाण्याने खालून धुवायची, नुसती वरून चकचकीत करून उपयोग नाही. माझ्या बहिणीच्या गाडीचे खालचे नट-बोल्ट आमच्यापेक्षा नवे असून जास्त गंजलेत.

आणि उंदीर. दुसऱ्या पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केली तर निम्मे दिवे पेटलेले. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या बाजूला सुक्या गवताचं छान घरटं आणि वायरिंग कुरतडलेलं. गाडी उभी होती कुठे, तर नारळाच्या सोडणांच्या ढिगाला लागून, म्हणजे मीच त्यांना शेजार दिला होता. तेव्हापासून ढीग लांब, गाडीत मुलांना चिप्स बंद, खालून जाळी, आणि पावसात रोज नाही तरी दोन दिवसांनी गाडी सुरू करून थोडी फिरवतो. लाकडं, सोडणं, भाताचं पोतं यांच्या शेजारी गाडी लावू नका, बाकी स्प्रे वगैरे आठवडाभर चालतात. उंदराचं नुकसान पॉलिसीत बसतं का ते एजंटला आधीच लेखी विचारा.

आता ती डिकी

चवथीच्या आदल्या दिवशी चित्रशाळेतून गणपती आणायचा असतो, आणि आमची मूर्ती पाटासकट जवळजवळ अडीच फूट. डिकीचे लिटर किती ते विसरा, मागचं दार उघडल्यावर तोंडाची उंची किती आणि काठ जमिनीपासून किती वर ते मोजा. काठ उंच असला की दोघांना मूर्ती छातीपर्यंत उचलावी लागते. मागची सीट ६०:४० दुमडत असेल तर मोठा भाग पाडून त्यावर जुनी गोधडी, तिच्यावर पाट, आणि राहिलेल्या सीटवर बाबा हात धरून. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मंडपीचं, सामान, पोफळीचे घड, कांगलां, रानातली फळं, यांचा चीक कार्पेटला लागला की निघत नाही, खाली ताडपत्री घाला. टेलगेट वर उघडतं तेव्हा आमच्या पडवीच्या खालच्या कौलाला लागतं हे मला पहिल्या वर्षी कळलं, म्हणून आता गाडी उलटी न लावता तोंड आत करून लावतो. टेप हातात आहेच, तर तेही मोजून घ्या.